एवढा मोठा हॉल, पण भाडं नेमकं कशाचं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात म्हटलं होतं की एक्झिबिशन हॉल, कन्व्हेन्शन सेंटर, मोठमोठे इव्हेंट यांबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा. वाटलं होतं इव्हेंट मॅनेजमेंटची पोरं लिहितील, पण पत्रं आली ती मसालेवाल्या ताईंची, अमेरिकेतल्या व्हॉलंटियरची, एका चिडलेल्या पुस्तकप्रेमींची. बरंच झालं. मी या लाईनीत आधी स्टॉल बांधायचो, मग ऑर्गनायझरच्या बाजूला गेलो, त्यामुळे उत्तरं मागच्या गेटच्या बाजूने येतील, झुंबरांच्या बाजूने नाही.

प्रश्न : आमचा बायकांचा बचत गट आहे, मसाले, चटण्या, पापड करतो. गोरेगावच्या बॉम्बे एक्झिबिशन सेंटरला फूडचं एक्झिबिशन आहे, तिथे स्टॉल घ्यायचं चाललंय. ९ चौरस मीटरचं भाडं ऐकून सासूबाई म्हणाल्या एवढ्यात गावात वर्षभर गाळा मिळेल. एवढे पैसे कशाचे घेतात हे लोक? आणि पापड तिथेच तळून दाखवायचेत, सिलिंडर नेऊ देतात का?
(सातारा जिल्ह्यातून एक ताई)

ताई, सासूबाईंचा हिशोब चुकीचा नाही, फक्त त्या तुमच्या ९ मीटरचं भाडं बघतायत आणि ऑर्गनायझर भरतो ते अख्ख्या हॉलचं. समजा त्याने १०,००० चौरस मीटरचा हॉल घेतला, तर त्यातली साधारण निम्मीच जागा स्टॉल म्हणून विकता येते. बाकीची गल्ल्या, फायर एक्झिट, रजिस्ट्रेशन, ऑफिस, खाण्याची जागा यातच जाते, आणि गल्ली जरा अरुंद करून दोन स्टॉल जास्तीचे काढू म्हटलं तर प्लॅनच पास होत नाही. वर एक्झिबिशन चार दिवसांचं असलं तरी हॉल काही चार दिवसांचा नसतो. आधी दोन-तीन दिवस बांधायला लागतात, नंतर एक दिवस नाहीतर एक रात्र मोडायला, आणि त्या दिवसांचंही भाडं भरायचं असतं, दर कमी असेल पण मीटर चालूच. त्यात लाईट, एसी, सिक्युरिटी, हाउसकीपिंग, जाहिरात. हे सगळं त्या निम्म्या जागेवर वाटलं जातं आणि म्हणून तुमचा ९ मीटरचा आकडा असा दिसतो.

आता या पैशांत मिळतं काय. तुम्हाला जो देतायत तो शेल स्कीमचा स्टॉल, म्हणजे तीन बाय तीन मीटर, ॲल्युमिनियमच्या खांबांत बसवलेले पांढरे पॅनल (सगळे त्याला ऑक्टोनॉर्मच म्हणतात), वर नावाची पट्टी म्हणजे फॅशिया, खाली कार्पेट, एक टेबल, दोन खुर्च्या, दोन-तीन स्पॉटलाईट, एक प्लग आणि कचऱ्याचा डबा. पॅनलला खिळा मारायचा नाही हां, डबल टेप किंवा वरून हुक आणि साखळी, पॅनल खराब झालं की पैसे कापतात. कोणी 'बेअर स्पेस स्वस्त पडते' म्हणून गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. बेअर म्हणजे नुसती जमीन, त्यावर भिंतीपासून बल्बपर्यंत सगळं फॅब्रिकेटरकडून, म्हणजे स्टॉल बांधणाऱ्याकडून, करून घ्यायचं आणि त्याचं बिल जमिनीपेक्षा जास्त होतं.

पैसे भरण्याआधी ऑर्गनायझरला काही गोष्टी विचारून घ्या, आणि फोनवर नको, मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर, म्हणजे लेखी राहील. सांगितलेला रेट जीएसटी धरून आहे की सोडून, कारण वर १८ टक्के लागतो आणि तो आकडा शेवटी समोर आला की पोटात गोळा येतो. कोपऱ्याच्या म्हणजे दोन बाजू उघड्या असलेल्या स्टॉलला जास्तीचे किती. रात्री लाईट बंद करतात का, कारण बहुतेक ठिकाणी शो संपला की स्टॉलचा करंट तोडतात, तुमचं लोणी किंवा ओली चटणी फ्रीजमध्ये असेल तर २४ तासांचं कनेक्शन आधीच वेगळं मागावं लागतं आणि त्याचे वेगळे पैसे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे येणारं पब्लिक कोण आहे. ट्रेड शो असेल तर तिथे सुपरमार्केटवाले, हॉटेलवाले, एक्स्पोर्टर येतात, अशा शोमध्ये किरकोळ विक्री करू देत नाहीत बऱ्याचदा. तुम्ही पाकिटं भरभरून न्याल आणि समोरचा माणूस कार्ड देऊन म्हणेल 'महिन्याला पाचशे किलो द्याल का'. द्याल का? देणार असाल तर भाडं वसूल आहे, नसाल तर तो स्टॉल तुमच्यासाठी नाहीच. पाकिटं विकायची असतील तर महालक्ष्मी सरस आहे, पुण्याची भीमथडी जत्रा आहे, तिथे येणारा माणूस पिशवी घेऊनच येतो.

सिलिंडर नाही. हा नियम ऐकून सगळे तोंड वाकडं करतात म्हणून जरा सांगतोच. शिकागोला मॅककॉर्मिक प्लेस नावाचं सेंटर १९६० मध्ये बांधलं, काँक्रीट आणि पोलादाचं, हे काय जळणार असंच सगळ्यांना वाटायचं. जानेवारी १९६७ मध्ये तिथे घरगुती वस्तूंचं एक्झिबिशन लागलं होतं, एका स्टॉलच्या मागे पहाटेच्या सुमारास आग लागली, तात्पुरत्या वायरिंगमुळे लागली असं मानतात, आणि बघता बघता अख्खं छप्पर खाली आलं. एक गार्ड गेला. पब्लिक आत असतं तर काय झालं असतं विचारच नको. इमारत पक्की होती, पण आत भरलेला कापड, पुठ्ठा, प्लायवूड, कार्पेट हे सगळं सरपणच ना. मोठ्या हॉलात नेमकं तेच असतं, तुमच्या शेजारच्या स्टॉलवाल्याने काय कापड लावलंय तुम्हाला ठाऊक नसतं. म्हणून इंडक्शन न्या, त्याचा लोड किती वॅट आहे ते आधी कळवा, आणि तळण्यासाठी वेगळी परवानगी लागते का तेही विचारा, काही ठिकाणी तळण फक्त फूड कोर्टमध्येच चालतं.

हो, माल. तुमचा टेम्पो पुढच्या गेटने जाणार नाही, मागच्या गेटवर गेटपास लागतो आणि गाडीला ठरलेली वेळ असते. शो चालू असताना मालाची खोकी आत येऊ देत नाहीत, सकाळी उघडायच्या आधीचा तासभर असतो तेवढाच. शेवटच्या दिवशी माल बाहेर काढायलाही पास लागतो, तो दुपारीच करून घ्या, संध्याकाळी त्या खिडकीसमोरची लाईन बघवत नाही.

प्रश्न : आमच्याकडे कन्व्हेन्शन सेंटर बांधणार अशी घोषणा झाली आहे. म्हणे हॉटेलं येतील, रोजगार येईल, जगभरातल्या परिषदा होतील. खरंच असं होतं का? (गावाचं नाव छापू नका.)
(मराठवाड्यातून एक वाचक)

नाव नाही छापत, तसंही घोषणा सगळीकडे सारखीच असते.

हॉल बांधल्यावर हॉटेलं येतात असं क्वचित होतं, बहुतेक वेळा हॉटेलं आधी असतात. परिषद भरवणारी संस्था जागा ठरवताना पहिला प्रश्न विचारते की सेंटरपासून दहा-पंधरा मिनिटांवर चांगल्या खोल्या किती, दुसरा प्रश्न विमानाचा, आणि हॉल किती मोठा हा प्रश्न त्याच्यानंतर. हैदराबादचं एचआयसीसी नावाचं कन्व्हेन्शन सेंटर २००६ मध्ये उघडलं ते हॉटेल चिकटवूनच, शहरात आयटी होतं, एअरपोर्ट होतं, आणि २०१२ मध्ये जैवविविधतेची युनोची मोठी परिषद तिथे झाली. या परिषदा कुठे भरणार ते काही वर्षं आधी ठरतं, शहरं त्यासाठी बोली लावतात, म्हणजे सेंटरचं उद्घाटन झाल्यावरही पहिली दोन-चार वर्षं तारखा भरायला जातात आणि तोवर एसीचं मेंटेनन्स, लिफ्ट, सिक्युरिटी, पगार चालूच.

गोव्याचं बघा म्हणजे कळेल. २००४ पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरतोय, आयनॉक्स, कला अकादमी आणि आसपासच्या जागा मिळून भागवतात, दोनापावलाच्या कन्व्हेन्शन सेंटरचं बोलणं कित्येक वर्षं ऐकतोय. फेब्रुवारी २०२४ मध्ये इंडिया एनर्जी वीकसारखा प्रचंड शो झाला तो बेतुलला, ओएनजीसीच्या ट्रेनिंग इन्स्टिट्यूटच्या आवारात. खोल्या होत्या, विमानं होती, म्हणून शो आला. उलटं होत नाही, म्हणजे झुंबरवाला हॉल आहे आणि रात्री झोपायला जागा नाही अशा ठिकाणी कोणी डेलिगेट नेत नाही.

आणखी एक गोष्ट, ही मात्र कोणी बोलत नाही. कन्व्हेन्शन सेंटर स्वतःच्या भाड्यावर फार कमावतं असं जगात कमीच, पैसा होतो तो बाहेर, हॉटेलात, टॅक्सीत, जेवणात. लास व्हेगासला हे ओळखून हॉटेलच्या खोलीवरचा टॅक्सच सेंटर चालवणाऱ्या प्राधिकरणाकडे वळवलाय, सेंटरने माणसं आणली की हॉटेल भरतं, हॉटेल भरलं की टॅक्स सेंटरकडे येतो, चक्र पुरं. आपल्याकडे हॉटेलवरचा लक्झरी टॅक्स २०१७ मध्ये जीएसटीत गेला. जीएसटी केंद्र आणि राज्य वाटून घेतात, खोलीचं भाडं वाढलं म्हणून नगरपालिकेच्या तिजोरीत थेट काही पडत नाही, आणि सेंटर चालवायचा खर्च मात्र बऱ्याचदा तिच्या नाहीतर एखाद्या प्राधिकरणाच्या गळ्यात. तर घोषणा करणाऱ्यांना एकच विचारा, उद्घाटनानंतर तिसऱ्या वर्षीच्या जुलै महिन्यात या हॉलमध्ये काय असेल? हिवाळ्याचं कोणीही सांगेल, जुलैचं सांगा.

मग काहीच नको का? तसं नाही. तुमच्यासारख्या ठिकाणी मला विचाराल तर साधा, उंच छपराचा, मधे खांब नसलेला, ट्रक थेट आत येईल असा हॉल हवा आणि बाहेर भरपूर मोकळं मैदान. काच कमी, पार्किंग जास्त. पुण्याजवळ मोशीला किसान प्रदर्शन भरतं डिसेंबरात, तिथे ट्रॅक्टर, ठिबक, पॉलिहाऊस सगळं मोकळ्या जमिनीवर आणि मोठाल्या मांडवांत असतं आणि गर्दी बघितलीत तर चक्रावाल. शेतकऱ्याला ट्रॅक्टर मार्बलवर बघायचा नसतो.

असा साधा हॉल अडीअडचणीलाही उपयोगी पडतो. २०२० मध्ये गोरेगावचं नेस्को (म्हणजे ताईंच्या प्रश्नातलं बॉम्बे एक्झिबिशन सेंटरच) आणि वाशीचं सिडकोचं एक्झिबिशन सेंटर कोविड सेंटर झाले, लंडनच्या एक्सेलमध्येही तेव्हा हॉस्पिटल उभं केलं होतं. का, तर जमीन सपाट, वीज मुबलक, टॉयलेट भरपूर, ॲम्ब्युलन्सला मोठं दार. नेस्कोत गरबाही होतो, २०२४ च्या लोकसभेला मतमोजणीसुद्धा झाली. मूळची ही न्यू स्टँडर्ड इंजिनिअरिंग कंपनीची जागा, नेस्को हे नाव त्यावरूनच. दिसायला काही खास नाही तो परिसर, पण बारा महिने काही ना काही चालू असतं तिथे, आणि माझ्या मते आपल्या राज्यातल्या कुठल्याही नवीन सेंटरने आधी नेस्कोचं कॅलेंडर बघावं आणि मग आर्किटेक्टला फोन करावा.

प्रश्न : अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दरवर्षी मांडवात का भरवतात? धूळ, उकाडा, शेजारच्या मांडवातला माईक इकडे ऐकू येतो. आता मुंबईत एवढी जागतिक दर्जाची सेंटर्स आहेत, तिथे का नाही?
(ठाण्याहून एक चिडलेले पुस्तकप्रेमी)

काका, माईकचं तुमचं शंभर टक्के खरं आहे, दोन मांडव शेजारी शेजारी टाकणाऱ्याला एकदा मधे बसवून परिसंवाद ऐकायला लावलं पाहिजे.

पण हिशोब बघा. फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८वं संमेलन दिल्लीत झालं, १९५४ नंतर पहिल्यांदा दिल्लीत. उद्घाटन विज्ञान भवनात झालं आणि बाकीचं संमेलन तालकटोरा स्टेडियमवर. हे का, तर विज्ञान भवन म्हणजे १९५६ मधली सरकारी परिषदांची जागा, खुर्च्या मोजक्या, पंतप्रधान येणार म्हणजे पास, मेटल डिटेक्टर, आणि संमेलन म्हणजे पास नसलेली माणसंच तर असतात. ग्रंथदिंडी लेझीम खेळत येते, ती लॉबीच्या गालिच्यावर कशी न्यायची? आणि खरी अडचण ग्रंथप्रदर्शनाची. प्रकाशक आधीच सवलतीत पुस्तक विकतो, त्याला वर ताईंनी विचारलंय तसल्या ९ मीटरच्या भाड्याचा स्टॉल दिला तर पहिल्या दिवशी संध्याकाळीच तो गाडी मागवेल. संमेलनात सगळ्यात जास्त गर्दी कुठे असते तुम्हालाही माहिती आहे, ती प्रदर्शनातच असते. तेच महाग केलं तर उरलं काय, अध्यक्षीय भाषण?

शिवाय संमेलन गावाचं असतं. २०२४ मध्ये अमळनेरला झालं, साने गुरुजी तिथे शिक्षक होते, गावाने आपलं म्हणून केलं. बीकेसीला ते कोणाचं झालं असतं? माझं मत असं की मांडवच ठेवा पण मांडववाल्याला साउंडचा माणूस वेगळा द्या, आणि परिसंवाद गावातल्या कॉलेजच्या बंद हॉलमध्ये घ्या. पैसे तेवढेच लागतात.

प्रश्न : मी अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाची व्हॉलंटियर आहे. कन्व्हेन्शन सेंटरशी बोलणी करताना डोकं फिरायची वेळ येते. आपली पुरणपोळी आत नेता येत नाही, स्वतःचा बॅनर स्वतः शिडीवर चढून लावता येत नाही, खोकी हलवायचे पाउंडावर पैसे. हे सगळीकडेच असं असतं का? आणि लोक हॉटेल बुक करताना म्हणतात आम्ही मित्राकडे राहू, त्याने काय फरक पडतो?
(कॅलिफोर्नियाहून एक ताई)

तुमचं पत्र वाचून आधी हसलो आणि मग वाटलं हे सगळ्यांनी वाचावं. दर दोन वर्षांनी होणारं हे अधिवेशन आता खऱ्याखुऱ्या मोठ्या सेंटर्समध्ये होतं, २०१५ मध्ये अनाहाइमला, २०२४ मध्ये सॅन होजेला, हजारो मराठी माणसं एका छपराखाली, आणि नाटक, ढोल-ताशा, लग्न जुळवायचा कार्यक्रम, जेवण सगळं एकत्र. इतकं सगळं गणपतीच्या मांडवासारखं चालवायची आपल्याला सवय आणि तिकडे प्रत्येक कामाला वेगळा माणूस, वेगळा रेट.

खोक्यांचं म्हणजे तिकडे त्याला ड्रेएज म्हणतात. ट्रकमधून उतरवून तुमच्या स्टॉलपर्यंत आणायचं, रिकामी खोकी नेऊन ठेवायची, शेवटी परत आणून द्यायची, याचे पैसे शंभर पाउंडांच्या पटीत लावतात आणि बऱ्याच ठिकाणी कमीत कमी वजनाची अट असते, म्हणजे पाकीट हलकं असलं तरी बिल जड. उपाय एवढाच की पंधरा जणांनी पंधरा पार्सलं पाठवायची नाहीत, सगळ्यांचा माल एका ठिकाणी गोळा करून एकाच खेपेत पाठवायचा. हातात धरून नेता येईल तेवढं स्वतः न्यायला बहुतेक ठिकाणी चालतं, पण ते पुढच्या दाराने, ट्रॉली न घेता, असे बारीक नियम असतात, एक्झिबिटर मॅन्युअलमध्ये लिहिलेले असतात आणि ते कोणी वाचत नाही. तुम्ही वाचा.

शिडीचं म्हणजे युनियन, तिथे ठरावीक कामं युनियनच्या कामगारांनीच करायची असतात. शहराशहरात फरक आहे. शिकागोत हे इतकं टोकाला गेलं होतं की मोठे शो दुसरीकडे जायला लागले आणि २०१० मध्ये इलिनॉयच्या विधिमंडळाने कायदा करून स्टॉलवाल्यांना स्वतःची बरीच कामं स्वतः करायची मुभा दिली. त्यामुळे आधी विचारा की कुठली कामं आम्ही करू शकतो, ते लेखी मागा. पण छताला काही टांगायचं असेल तर मात्र वाद घालू नका, ते त्यांनाच करू द्या, खाली हजार माणसं बसलेली असतात.

पुरणपोळी. बहुतेक सेंटर्समध्ये जेवणाचा कॉन्ट्रॅक्ट एकाच केटररकडे असतो आणि सेंटरची खरी कमाई तिथेच असते, म्हणून ते सोडत नाहीत. पण भारतीय लग्नं आणि अधिवेशनं यामुळे तिकडे सवय झालीय आता, बाहेरच्या केटररची परवानगी मागता येते, त्याचे पैसे घेतात, इन्शुरन्स मागतात, हेल्थ परमिट मागतात. ही गोष्ट कॉन्ट्रॅक्टवर सही करायच्या आधी मागायची असते. सही झाल्यावर मागितलीत तर त्यांच्या हातात सगळं, तुमच्या हातात प्लॅस्टिकचा चमचा.

आणि हॉटेल, ही गोष्ट मात्र मी ढोल वाजवून सांगेन. सेंटर तुम्हाला भाड्यात सूट देतं ती बरेचदा शहरातल्या हॉटेलांच्या खोल्यांच्या भरवशावर. तुम्ही म्हणता आम्ही इतक्या खोल्या भरू, त्यावर सगळा व्यवहार ठरतो. मग अर्धे लोक मित्राकडे राहिले, अर्ध्यांनी एअरबीएनबी घेतलं, की खोल्या भरत नाहीत आणि कॉन्ट्रॅक्टमध्ये ॲट्रिशनचं कलम असेल तर न भरलेल्या खोल्यांचे पैसे मंडळाला भरावे लागतात. म्हणजे ज्याने रात्रीचे शंभर डॉलर वाचवले त्याचं उरलेलं बिल मंडळ भरतं आणि पुढच्या अधिवेशनाचं तिकीट महाग झालं की सगळ्यात आधी तोच ओरडतो. हे रजिस्ट्रेशन फॉर्मवरच स्पष्ट मराठीत लिहा. आणि पहिल्यांदा बोलणी करतानाच खोल्या कमी सांगा, नंतर वाढवणं सोपं असतं.

प्रश्न : भारतातलं सगळ्यात मोठं कन्व्हेन्शन सेंटर कोणतं? आमच्यात पैज लागली आहे, मी जिओ म्हणतोय, मित्र भारत मंडपम म्हणतोय.
(नागपूर)

पैज कशावर लावलीत त्यावर आहे, दोघांनाही हरवता येईल. दिल्लीत द्वारकेचं यशोभूमी आहे, १७ सप्टेंबर २०२३ ला पहिला टप्पा उघडला, मुख्य ऑडिटोरियमच साधारण ६,००० खुर्च्यांचं आणि एक्झिबिशन हॉल १ लाख चौरस मीटरच्या वर, खाली एअरपोर्ट लाईनचं मेट्रो स्टेशन. दिल्लीतल्याच भारत मंडपमचं उद्घाटन त्याच वर्षी २६ जुलैला झालं आणि सप्टेंबरात तिथे जी-२० झाली, त्यामुळे टीव्हीवर जास्त दिसलं. त्याचा वरचा मोठा हॉल ७,००० माणसांचा सांगतात. बीकेसीचं जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटर २०२२ मधलं, आकाराने या दोघांपेक्षा लहान पण एका बाबतीत पुढे, ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचं अधिवेशन तिथे झालं आणि २०२८ च्या ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट घ्यायचं तिथेच ठरलं.

मोठेपणाचंच म्हणाल तर जर्मनीत हॅनोव्हरला नुसती छपराखालची जागा ४ लाख चौरस मीटरच्या आसपास आहे. तेव्हा पैजेचे पैसे वाटून चहा प्या.

जाता जाता, भारत मंडपम उभं राहिलं त्या प्रगती मैदानावर १९७२ मधला हॉल ऑफ नेशन्स होता, आर्किटेक्ट राज रेवाल आणि इंजिनिअर महेंद्र राज यांनी केलेला, मधे एकही खांब नसलेला, काँक्रीटचा. एप्रिल २०१७ मध्ये पाडला. स्टॉलवाला माणूस म्हणून सांगतो, तसला हॉल पाडायला नको होता.

प्रश्न : मुलीच्या लग्नासाठी कन्व्हेन्शन सेंटरचा हॉल मिळतो का? १,००० माणसांचा हॉल म्हणतात, आमची यादी ९०० ची आहे, बसेल ना?
(पुणे)

मिळतो बऱ्याच ठिकाणी, पण ९०० बसणार नाहीत. हॉलची क्षमता सांगतात ती थिएटर पद्धतीची, म्हणजे नुसत्या खुर्च्यांच्या रांगा. गोल टेबलं लावलीत की तोच हॉल साधारण निम्म्यावर येतो, मग स्टेज, मग बुफेची काउंटरं, मग त्या फोटोच्या झोपाळ्याची जागा. 'टेबल लावून किती' हे विचारा. आणि लग्नसराईत सजावटवाल्याला आदल्या रात्री हॉल मिळणार की सकाळी सहाला, हेही. सकाळी सहाला मिळणार असेल तर मुहूर्त दुपारचा धरा.

प्रश्न : बाबा ७५ वर्षांचे आहेत, त्यांना इंजिनिअरिंगचं मोठं एक्झिबिशन बघायचंय, आयुष्यभर लेथ चालवली त्यांनी. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये झेपेल का त्यांना?
(डोंबिवली)

झेपेल, न्याच. रजिस्ट्रेशन घरूनच ऑनलाईन करा, म्हणजे बॅज काढायच्या लाईनीत उभं राहायला नको. पहिला दिवस टाळा, उद्घाटनाला मंत्री असले की गेट बंद ठेवतात. शेवटची दुपारही टाळा, लोक चारलाच मशीन गुंडाळायला लागतात. मधल्या दिवशी उघडल्या उघडल्या जा. व्हीलचेअर मोठ्या सेंटर्समध्ये मिळते, रजिस्ट्रेशनच्या काउंटरवर विचारायचं, बाबा 'मला नको' म्हणतील तरी घ्या, कारण हॉल एकपासून शेवटच्या हॉलपर्यंत चालताना पाय बोलतात आणि मधे बसायला जागा जवळजवळ नसतेच, बसलेला माणूस स्टॉल बघत नाही म्हणून ठेवत नाहीत आम्ही. फ्लोअर प्लॅन आधी बघून त्यांना कुठल्या मशीन बघायच्यात तेवढेच स्टॉल नंबर कागदावर लिहून न्या. आणि लेथच्या स्टॉलवर त्यांना घाई करू नका, तिथले इंजिनिअर स्वतःच खुर्ची देतील.